मक्याच्या कणसाचा पाइप : धनकवडीतल्या बाल्कनीतल्या दहा महिन्यांच्या नोंदी

१८ ऑगस्ट २०२४, रविवार

आज सुरुवात. तंबाखू ओढायचा माझा एकुलता एक पाइप ब्रायरच्या लाकडाचा. तो अकरा वर्षं चालला आणि मागच्या महिन्यात त्याच्या वाटीला, म्हणजे तंबाखू भरतात त्या भागाला, वरपासून खालपर्यंत तडा गेला. नवा घ्यायचा तर बाहेरून मागवावा लागतो, आणि जकात धरून जी किंमत होते ती आठवड्यातून एकदा ओढणाऱ्याला परवडत नाही. अमेरिकेत दीडशे वर्षांपासून मक्याच्या कणसाचे पाइप बनतात. मी नऱ्ह्याच्या एका टूलरूममध्ये कामाला आहे. भोक पाडणं, घासणं, मापात बसवणं हे रोजचंच काम. म्हणून हे घरी करून बघायचं ठरवलं. मराठीत याबद्दल मला कुठं काही सापडलं नाही, तेव्हा पुढच्यासाठी जे होईल ते लिहून ठेवतो.

सकाळी खडकवासल्याला गेलो. भाजलेली चार कणसं खाऊन रिकामी घरी आणली, शिवाय कच्ची सहा. जाडी मोजायचा वर्निअर लावला तर दाणे काढल्यावर जाड बाजूला २३ ते २५ मिलिमीटर. सगळी बाल्कनीत दोरीवर टांगली. बाहेर पाऊस चालू आहे.

२५ ऑगस्ट

दहाच्या दहा फेकली. आठवड्यात हिरवट काळी बुरशी धरली. काहींवर ती नुसत्या बोटानं पुसली जात होती, पण कापून बघितलं तर मधल्या मऊ भेंडात पांढरे तंतू गेलेले. जी वस्तू तोंडाशी न्यायची आणि तापवायची, तिच्यात बुरशी चालणार नाही. पुसून, उन्हात ठेवून, व्हिनेगर लावून वाचवायच्या फंदात कुणी पडू नये.

१ सप्टेंबर

पुन्हा सहा कणसं आणली. या वेळी ओव्हनमध्ये १०० अंशावर दोन तास वाळवली. २४ मिलिमीटरचं कणीस १९ वर आलं, सुरकुतलं, आणि सहापैकी चारांना उभ्या चिरा पडल्या. घरभर करपलेल्या दुधासारखा वास. हिनं गौरींच्या फराळासाठी ओव्हन घासून ठेवला होता, तो मी परत सोडा लावून दोनदा घासून दिला.

कारण आता कळलं. भाजून खायचं कणीस कोवळं असतं, दाण्यात दूध असतं, आणि तेव्हा गाभाही कोवळाच असतो. त्याचं लाकूड झालेलं नसतं. कणीस आडवं कापलं की तीन थर दिसतात: बाहेर दाण्यांच्या खाचांचा कोंड्यासारखा मऊ थर, मध्ये टणक कडं, आणि आत पांढरं हलकं भेंड. पाइप टिकतो तो मधल्या कड्यावर. कोवळ्या कणसात ते कडं जेमतेम दोन मिलिमीटर भरलं, आणि नखानं दाबलं तर खड्डा पडला. स्वीट कॉर्नमध्ये तर त्याहून वाईट. दोन आठवडे गेले. झाडावरच वाळलेला, दाण्यासाठी पिकवलेला मका हवा.

२० ऑक्टोबर, रविवार

इंदापूरला मामेभावाकडे गेलो. खरिपाचा मका काढून खळ्यावर पडला होता. तिकडे दाणे काढलेल्या कणसाला बुरकुंड म्हणतात आणि ते जळणाला जातं. मळणी यंत्रातून निघालेल्या ढिगात हात घातला तर बहुतेक तुकडे. यंत्र कणीस दाबूनच दाणे काढतं, त्यामुळे जे अख्खं दिसतं त्यालाही आत बारीक चिरा असतात. त्यात वेळ घालवू नका. मी आणि मामींनी मिळून साठ कणसं हातानं सोलली. मामी म्हणाल्या, "अरे, जाडच पाहिजे तर देठाकडनं बघ, शेंड्याकडं काय बघतोस?" बरोबर होतं. देठाकडच्या पहिल्या तीन इंचातच जाडी असते.

साठांपैकी ३० मिलिमीटरच्या वरची फक्त चौदा. सगळ्यात जाड ३३. ती घेऊन आलो. निवडताना पाहिलं ते असं: नख रुतू नये, टिचकी मारली तर लाकडासारखा आवाज यावा, आणि कापलेल्या टोकाला भेंड कमी, कडं जास्त दिसावं. दोन कणसांचा गाभा लालसर आहे, बाकी पांढरे. रंगानं काही फरक पडला नाही, हे मी नंतर येऊन इथं जोडतो आहे.

येण्याजाण्याचं पेट्रोल ९०० रुपये. सगळ्या प्रकल्पातला सगळ्यात मोठा खर्च हाच.

३ नोव्हेंबर

कणसं कांद्याच्या जाळीच्या पिशवीत, बाल्कनीच्या छताला, एकमेकांना न चिकटता. ऊन थेट पडत नाही, वारा लागतो. प्रत्येकावर पेन्सिलीनं नंबर घातला. बोहरी आळीतून २८० रुपयांचा खिशातला वजनकाटा आणला, दर रविवारी वजन करायचं. ७ नंबरचं आजचं वजन ३८.४ ग्रॅम.

काटा घेणं हा या कामातला माझा सगळ्यात योग्य निर्णय ठरला. हाताला कणीस कोरडं लागतं, तेव्हा ते कोरडं नसतं. टूलरूममध्ये आम्ही "लागतंय" यावर जॉब पास करत नाही, तिथं माप लागतं. इथंही तेच.

१५ डिसेंबर

७ नंबर: ३८.४, मग ३५.०, ३३.१, ३१.७, ३०.८, ३०.२, आज २९.९. अजून उतरतंय. एका कणसाला देठापासून चीर गेली, एकाला आतून किडा लागला होता, भेंडाचा भुसा झालेला. चौदाची बारा झाली.

हाताला काम नाही, म्हणून थोडं मागचं लिहितो. १८६९ साली मिसुरी राज्यातल्या वॉशिंग्टन नावाच्या गावात हेन्री टिबी हा हॉलंडहून आलेला लाकूड कातणारा कारागीर होता. एका शेतकऱ्यानं स्वतः कोरलेला कणसाचा पाइप त्याच्याकडे नेला आणि लेथवर असेच आणखी करून मागितले. ते खपले. पुढं त्यानं कणसाच्या बाहेरच्या खाचा प्लास्टर ऑफ पॅरिसनं भरायची युक्ती काढली आणि १८७८ मध्ये तिचं पेटंट घेतलं. मिरशॉम हा तुर्कस्तानात मिळणारा हलका पांढरा दगड; पाइपसाठी तो उत्तम, कारण तो ओल शोषतो आणि धूर थंड करतो. टिबीनं आपल्या पाइपला "मिसुरी मिरशॉम" म्हटलं. जर्मनमध्ये मिरशॉम म्हणजे समुद्राचा फेस. आपल्याकडे काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो तो समुद्रफेस निराळा, ते माकळाच्या जातीच्या प्राण्याचं हाड. नावावरून घोटाळा नको. अमेरिकन जनरल मॅकार्थरच्या तोंडात दुसऱ्या महायुद्धातल्या फोटोंमध्ये जो लांब पाइप दिसतो, तोही कणसाचाच.

मला या सगळ्यात कामाची गोष्ट एकच सापडली. तिकडच्या कारखान्यात कणसं दोन वर्षं वाळवतात, आणि मकाही मुद्दाम जाड गाभ्यासाठी तयार केलेल्या जातीचा असतो. आपल्याकडच्या जाती दाण्याच्या उताऱ्यासाठी निवडलेल्या, म्हणजे गाभा जितका बारीक तितका बरा. त्यामुळे इथं माप कमी पडणारच, हे धरूनच चालायचं.

२२ डिसेंबर

एका मित्रानं विचारलं, पाइपनं काही होत नाही ना, धूर छातीत घेत नाहीत म्हणे. होतं. धूर तोंडात फिरवून सोडला तरी ओठ, तोंड, घसा यांच्या कर्करोगाचा धोका वाढतो, आणि निकोटीन तोंडातूनही अंगात जातं. मी आठवड्याला एक वाटी ओढतो, बाल्कनीत, आतलं दार लावून, आणि हे जाणून ओढतो. जो ओढत नाही त्यानं या नोंदी वाचून सुरू करू नये. पाइप बनवायची हौस असेल तर बनवून शोभेला ठेवा, काम तितकंच छान आहे. अठराच्या आतल्या मुलांना तंबाखू विकणं २००३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. माझ्या शेजारचा अकरावीतला मुलगा ड्रिलिंग बघायला येतो, त्याला मी फक्त कणीस आणि लाकूड हाताळू देतो.

५ जानेवारी २०२५, रविवार

सलग तीन रविवार वजन २९.६. वाळलं असं धरलं. अकरा आठवडे लागले, तेही पुण्याच्या हिवाळ्यात, हवा कोरडी असताना.

५५ मिलिमीटरचे तुकडे कापले. लाकडाची करवत चालत नाही, दात मोठे, कडा फाटतात. हॅकसॉचं बारीक दातांचं पातं घ्या आणि कापायच्या जागी कागदी चिकटपट्टी गुंडाळा.

आणि मग आज दोन कणसं घालवली. लाकडाला वापरतात तो चपटा फ्लॅट बिट ड्रिलला लावला, १८ मिलिमीटरचा. भेंडात तो सरळ गेला, कड्याला टेकल्यावर अडकला आणि पूर्ण कणीस हिसकून फिरलं. पहिलं उभं फाटलं. दुसऱ्याला व्हाइसमध्ये, म्हणजे लोखंडी पकडीत, जास्त आवळलं, तर ते व्हाइसमध्येच चेपलं. ४५० रुपयांचा बिटचा सेट या कामाला निरुपयोगी. उरली दहा.

१२ जानेवारी

बोहरी आळीतून १६ मिलिमीटरचा फोर्स्टनर बिट आणला, ३२० रुपये. याला बाहेरून गोल धार असते, तो कड्याला फाडत नाही, सोलत जातो. माप १८ वरून १६ वर का आणलं, तर हिशोब असा: ३१ मिलिमीटरचं कणीस, बाहेरचा मऊ थर घासून काढला की २८ उरतं. १८ चं भोक पाडलं तर भिंत पाच मिलिमीटर, १६ चं पाडलं तर सहा. पाचाच्या भिंतीला हात लावून ओढता येणार नाही. एका मिलिमीटरसाठी वाटी लहान झाली, तंबाखू कमी मावते. मला ते चालतं.

पकडायची पद्धत: सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कणसाला गुंडाळायचा, व्ही आकाराची खाच असलेल्या लाकडाच्या दोन ठोकळ्यांमध्ये ठेवायचं आणि व्हाइस हातानं लागेल इतकाच आवळायचा, दांड्यानं नाही. ड्रिल सगळ्यात कमी वेगावर. दर पाच मिलिमीटरला बिट बाहेर काढून भुसा झाडायचा, नाहीतर भेंडाचा कापूस होऊन तो धारेला गुंडाळतो. खोली ३५, तळाला २० मिलिमीटर शिल्लक.

पाच पाडले. एकात भेंड मधोमध नव्हतं, बिट मऊ बाजूला सरकला आणि एका बाजूची भिंत तीनवर आली. तो बाद. बाकी चार अगदी मनासारखे. पाच कणसं न कापता राखून ठेवली आहेत.

२६ जानेवारी

नळी. बुरूड आळीत गेलो. दहा मिलिमीटर जाडीचा कळक, म्हणजे बांबू, हवा म्हटल्यावर दुकानातल्या आजींनी विचारलं, "बासरी करताय का बाळा?" काय करतोय ते सांगितलं. त्यांनी पेरं लांब असलेल्या काटक्या वेगळ्या काढून दिल्या, ८० रुपयांत आठ.

पेऱ्यातली गाठ फोडायला चार मिलिमीटरचा लांब ड्रिल बिट लागतो (१८० रुपये). आधी तापवलेली सळई घालून बघितली, गाठ फुटली पण नळीभर जळका वास राहिला. तो वास पुढे प्रत्येक झुरक्यात येतो. ड्रिलच वापरा.

वाटीच्या बाजूला नळीचं भोक पाडताना चूक केली. बाहेरून अंदाजानं पाडलं, आणि ते आतल्या तळापासून सहा मिलिमीटर वर निघालं. म्हणजे खालच्या सहा मिलिमीटरमध्ये तंबाखू जळणारच नाही, तिथं ओला काळा चोथा साचणार. पुढच्या तिघांना ड्रिल बिट आत उभा टेकवून खोली घेतली, बाहेर तेवढ्याच अंतरावर रेघ मारली, आणि बिटची खालची कड त्या रेघेला लावून पाडलं. तळाला अगदी सपाट निघालं. चुकलेल्याचा तळ नंतर भरून घेतला, ते पुढं येईल.

नळीचं टोक वाटीच्या आत येऊ देऊ नका. पहिल्याला दोन मिलिमीटर आत आलं होतं, छान घट्ट बसतं म्हणून तसंच ठेवलं. तेच सगळ्यात आधी जळतं, आणि बांबूच्या धुराची चव कडू असते. आतून कानशीनं भिंतीबरोबर घासून घ्या.

९ फेब्रुवारी

सकाळी कपाट उघडलं तर नळ्यांखाली पिठासारखी पूड. बांबूत भुंगेरे. मी कळक आणला आणि तसाच वापरला. बांबूतल्या पिठूळ अंशावर ही कीड जगते, तो अंश निघून जायला बांबू पाण्यात भिजवावा लागतो. बुरूड आळीतल्या आजींना फोन केला, त्यांनी हेच सांगितलं: पंधरा दिवस पाण्यात, पाणी बदलत, मग सावलीत वाळवा. उरलेल्या पाच काटक्या बादलीत बुडवल्या. दुसऱ्या दिवसापासून पाण्याला उग्र वास येतो, बादली बाथरूममध्ये ठेवू नका.

दरम्यान दुसरा मार्ग म्हणून अप्पा बळवंत चौकातून सुलेखनाचे बोरू आणले, ६० रुपयांना पाच. आतलं भोक साधारण चार मिलिमीटर, गाठ नाही, वजन नाही. पाइपची नळी म्हणून बोरू सुंदर चालतो. भिंत पातळ म्हणून दातानं चेपतो, आणि दहाएक वाट्यांनंतर बदलावा लागतो. बदलायला दोन मिनिटं लागतात.

१६ फेब्रुवारी

प्लास्टर. बाहेरच्या खाचा कानशीनं आणि काचकागदानं निम्म्या उतरवल्या, उरलेल्या भरायच्या. एक किलो प्लास्टर ५० रुपये, त्यातलं शंभर ग्रॅमही लागलं नाही.

पहिल्यावर दोन मिलिमीटरचा जाड थर चढवला. कणीस इतकं कोरडं होतं की त्यानं प्लास्टरमधलं पाणी ओढून घेतलं, आणि थर घट्ट होण्याऐवजी खडूसारखा भुसभुशीत झाला. अर्ध्या तासात पापुद्रे सुटले. सगळं खरवडलं.

दुसऱ्यांदा: कणसावर ओलं फडकं फिरवलं, दहीभातासारखं घट्ट प्लास्टर थोडंथोडं कालवलं आणि अंगठ्यानं फक्त खाचांमध्ये रेटलं. वरून ओल्या स्पंजनं पुसून घेतलं, म्हणजे कड्यावर थर राहिला नाही, खाचा तेवढ्या भरल्या. हे टिकलं. पाणी आधी, भुकटी नंतर, आणि एका वेळी एका पाइपपुरतंच. दहा मिनिटांत ते कडक होतं. शेजारचा मुलगा हे काम माझ्यापेक्षा नीट करतो, त्याच्या बोटांना खाच बरोबर सापडते.

फेव्हिकॉल घालून प्लास्टर चिवट करायचा मोह होईल. घालू नका. पाइप तापतो, आणि तापल्यावर काय सुटेल ते तोंडात येणार. याच कारणानं आतून वॉर्निश नाही, एपॉक्सी नाही, रंग नाही.

प्लास्टर लावल्यावर पुन्हा वजन. पाण्यानं चार ग्रॅम वाढलं होतं, ते उतरायला नऊ दिवस लागले. मग बारीक काचकागद आणि वरून मधमाशांचं मेण, कापडानं चोळून, अगदी पातळ. मेण साठ-पासष्ट अंशाला वितळतं, जाड लावलं तर ओढताना बोटाला चिकटतं. मी नंबर दोनला जाड लावलं होतं, ते पुसावं लागलं.

९ मार्च

पहिला पाइप पेटवला. नळी बोरूची, तिच्या टोकाला माझ्या तडकलेल्या ब्रायरचं एबोनाइटचं (कडक रबराचं) माउथपीस घासून बसवलं. बर्ली जातीची तंबाखू, अर्धीच वाटी. व्हर्जिनिया जातीत साखर जास्त, ती गरम जळते आणि जीभ पोळते. पातळ भिंतीच्या नव्या पाइपला बर्ली बरी. निपाणीकडची विडीची तंबाखू भरायचा विचार करू नका, ती या कामाची नाही, घशाला आग लागते.

पहिली पाच मिनिटं भाजलेल्या मक्याचा गोडसर वास. खडकवासल्याच्या टपरीशी उभा आहे असं वाटलं. मग चव साफ झाली आणि धूर खरोखर थंड आला, ब्रायरपेक्षा थंड. कणीस ओल पितं, नळीत गुरगुर नाही. सात महिन्यांनी. मी खूप वेळ तसाच बसून होतो.

१६ मार्च

तिसऱ्या वाटीला तळाशी, बाहेरून, रुपयाएवढा तपकिरी डाग. हात लावला तर चटका. विझवून पाइप उभा कापला. तळाचं भेंड नऊ मिलिमीटर खोल जळून कोळसा झालं होतं, आणखी एक वाटी ओढली असती तर निखारा मांडीवर पडला असता. चूक माझ्या हिशोबातच होती. तळाला २० मिलिमीटर शिल्लक ठेवले तेव्हा ते लाकूड धरलं, पण कणसाच्या मधोमध लाकूड नसतं, भेंड असतं, आणि भेंड कापसासारखं धुमसतं. बाजूच्या भिंतीला मात्र काहीही झालं नव्हतं, सहा मिलिमीटर पुरेसे आहेत.

कापलेला पाइप घेऊन खाली बसलो होतो. सोसायटीचे माळीकाका आले. ते चिलीम ओढणारे. हातात घेऊन फिरवून पाहिला आणि म्हणाले, "साहेब, खडा कुठाय? खड्याबिगर चिलीम कशी चालंल?" चिलमीच्या तळाशी ते भाजलेल्या मातीचा खडा टाकतात, निखारा खाली येत नाही, तंबाखू तोंडात येत नाही, हवा मात्र बाजूनं जाते. मी चार महिने परदेशातली मापं गोळा करत होतो आणि उत्तर जिन्याखाली बसलेल्या माणसाकडे होतं.

३० मार्च, गुढीपाडवा

दुरुस्ती दोन भागांत.

पहिला भाग, बूच. भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमधून बाभळीचा वाळलेला तुकडा फुकट मिळाला. भेंड खालून १६ च्या बिटनं पूर्ण काढलं, म्हणजे कणीस आरपार नळी झालं. मग बाभळीचं बूच कातून खालून ठोकायचं. इथं टूलरूमची सवय नडली: दाबून पक्कं बसावं (प्रेस फिट) म्हणून बूच १६.३ चं केलं, आणि कणीस तडकलं. कणसाचं कडं लोखंडासारखं ताणलं जात नाही. १६.१ चं केलं, टोकाला थोडा उतार दिला, हातोडीऐवजी व्हाइसमध्ये हळू दाबलं. बसलं. गोंद लागला नाही.

दुसरा भाग, खडा. दिवाळीतली फुटकी पणती घेतली, तिचा तुकडा फरशीवर पाणी टाकून घासून १५ मिलिमीटरची चकती केली, जाडी तीन. कडेला एक खाच, हवा जायला. ती बुचावर ठेवली. रंगवलेली पणती घेऊ नका. नदीतला गोटा तर नकोच, आत पाणी अडकलेलं असलं तर तापल्यावर तो फुटतो.

नळीचं भोक वर गेलेल्या त्या पाइपमध्ये चकतीखाली राख आणि पाणी कालवून भरलं, माझ्याच पाइपची साठवलेली राख. तीन दिवसांत दगडासारखी झाली आणि तळ भोकाच्या पातळीला आला.

१३ एप्रिल

राखून ठेवलेल्या पाचांपैकी तीन कापून नव्या पद्धतीनं केले: आरपार भोक, बाभळीचं बूच, पणतीची चकती. एका पाइपला हाताचं काम दोन तास, वाळायचा वेळ सोडून. आता पाच पाइप तयार आहेत, दोन कणसं शिल्लक. भिजवलेल्या बांबूच्या नळ्या दोघांना लावल्या. पूड पडत नाही.

२७ एप्रिल

पाचही आलटून पालटून, प्रत्येकी दोन ते तीन वाट्या. त्यासाठी दोन ओढणारे मित्र दर शनिवारी येत होते, एकट्यानं मला इतकी तंबाखू ओढायची नव्हती. डाग नाही, चटका नाही. वाटीच्या आत काळा पातळ थर धरू लागला आहे, तो राहू द्यायचा, खरवडायचा नाही. ओढून झाल्यावर राख झटकायला पाइप टाचेवर किंवा भिंतीवर आपटू नका, नळीजवळ कणीस फुटतं. काडीनं मोकळी करा आणि नळी काढून दोन्ही वेगळे सुकवा.

एक मित्र जोरजोरात झुरके घेतो. त्याचा पाइप चौथ्या मिनिटाला धरवेना. हा दोष पाइपचा आहे हे मान्य करतो: आपल्या मक्यात यापेक्षा जाड भिंत मिळत नाही, त्यामुळे हा पाइप सावकाश ओढणाऱ्यासाठीच आहे.

११ मे

खर्च लिहून टाकतो. पेट्रोल ९००, फ्लॅट बिटचा सेट ४५० (वाया), फोर्स्टनर ३२०, वजनकाटा २८०, लांब ड्रिल बिट १८०, मेण १२०, बांबू ८०, बोरू ६०, काचकागद ६०, प्लास्टर ५०. एकूण २,५०० रुपये. पाच पाइप, म्हणजे एक ५०० ला. फ्लॅट बिट घेतला नसता आणि कणसं इंदापूरच्या गाडीनं कुणाकडून मागवली असती, तर निम्म्यात झालं असतं. चौदा कणसांचा हिशोब: वाळताना दोन गेली, फ्लॅट बिटनं दोन, भेंड सरकून एक, जळून एक, बूच ठोकताना एक, पाच पाइप, दोन शिल्लक.

२८ मे

पाऊस या वर्षी मे महिन्यातच आला. चार दिवस बाल्कनीत सगळं ओलं, आणि पाइप मी उघड्यावर ठेवले होते. वजन केलं: प्रत्येकी दोन ते अडीच ग्रॅम वाढलं. एकाच्या खाचेतलं प्लास्टर नखानं निघालं, मेण तिथं नीट लागलं नव्हतं. दुसऱ्याचं बूच मात्र फुगून इतकं घट्ट झालं की आता ते निघणार नाही.

पाचही घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवले, खाली भाजलेल्या तांदळाचा थर, वर कापड. तिसऱ्या दिवशी वजन जागेवर आलं. पावसाळ्यात ओढल्यावर लगेच डब्यात घालू नका, आधी रात्रभर पंख्याखाली. आतली ओल डब्यात कोंडली की ऑगस्टमधली बुरशी परत येईल.

८ जून

मामेभावाचा सकाळी फोन आला, पेरणीची तयारी चालू आहे. त्याला विचारलं, बांधालगत दोन ओळी माझ्यासाठी विरळ पेरशील का, झाडांत अंतर जास्त ठेवून. विरळ झाडाचं कणीस जाड होतं असं तो म्हणाला. खरं किती ते वर्निअर सांगेल. कापणी हातानं, सोलणी हातानं, आणि मी स्वतः जाणार. शिल्लक दोन कणसं या वेळी कापली नाहीत, जाळीच्या पिशवीत परत टांगली आहेत, २० ऑक्टोबर २०२६ पर्यंत. ७ नंबरला अकरा आठवडे मिळाले, यांना दोन वर्षं मिळतील. दोन्हींवर आजचं वजन पेन्सिलीनं लिहिलं: ३०.१ आणि २८.८.